नवरीची गाडी मागं घेत न्हाईत

पेट्रोल आणि निशिगंधाचा वास एकत्र आला की मला अजूनही कोंडल्यासारखं होतं. माझ्या पाठवणीला जालन्याच्या एका शेठची जुनी अमेरिकन गाडी मागून आणली होती. लालभडक, दोनच दारांची, आणि बोनेट एवढं लांब की त्यावर माणूस ऐसपैस झोपावा. इंजिन सुरू झालं तशी त्याची गुरगुर सीटमधून पाठीच्या कण्यात चढली. खरं सांगते, ती गाडी मला नवऱ्याच्या आधी आवडली. पण आमच्या टेंभुर्णीची गल्ली बैलगाडीच्या मापाची. वळणावर एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचा उंच ओटा, त्यात गाडी घट्ट बसली. दारं उघडेनात. ड्रायव्हर म्हणाला, "मागं घेतो, जल्दी निघंल." बाहेरून मामा ओरडले, "न्हाई! नवरीची गाडी मागं घेत न्हाईत. माहेराकडं सरकली तर नवरी परत येती." मग पहार आणली आणि लोक ओटा फोडायला लागले. मी आत घामानं चिंब, शेजारी अनोळखी नवरा. मागच्या काचेतून आई दिसत होती, हातभर अंतरावर. ‘मागं घ्या’ असं तिला म्हणता आलं नाही, मलाही नाही. ओटा फुटला, गाडी पुढं गेली. परवा लेकीच्या पाठवणीला कार्यालयाच्या फाटकात गाडी अडकली, तेव्हा गर्दीतून कुणीतरी तेच ओरडलं. मी ड्रायव्हरच्या काचेवर थाप मारली. म्हणलं, "घ्या मागं. बिलकुल घ्या."