आधी हात

सिस्टर भर पावसात हात धुवायच्या. वरून धो धो कोसळतंय, रेनकोटच्या बाह्यांतून पाणी गळतंय, सायकलच्या साखळीपासून भुवयांपर्यंत सगळं चिंब, आणि या बाई घाटातल्या दगडावर बसून साबणाची वडी काढणार. बाटलीतल्या पाण्यानं एकेक बोट चोळून धुणार, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेल्या कोरड्या रुमालाला पुसणार आणि मगच साखर तपासायला बोट पुढे करणार. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. "पाऊस पडतोय म्हणजे हात धुतले गेले असं नसतं," त्या म्हणाल्या. "आधी हात, मग बोट, मग सुई. पाठ कर."

त्यांचं खरं नाव धुळ्याच्या देवपुरात फारसं कुणाला ठाऊक नसावं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात गेली, त्यामुळे भाजीवाल्यापासून बुद्धविहारातल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टरच. मी त्यांच्याकडे गेलो तो इंजेक्शन शिकायला. वय तेहतीस, नरडाण्याच्या एका कारखान्यात नोकरी, आणि डॉक्टरांनी नुकतंच सांगितलेलं, की आता जन्मभर इन्सुलिन. मी जळगावजवळच्या असोद्याचा. आमच्याकडे आजोबांच्याही आधीपासून केळी. आईला फोनवर कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं होतं, "आता तुले केयं चालत नही का रे?" मी फोन ठेवून दिला.

सिस्टरनी मला पहिली सुई टोचायला लावली ती केळ्यातच. "घरचंच आण," म्हणाल्या. टोचून टोचून त्या केळ्याची चाळण झाली, तेव्हा दुसरं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं, त्यापुरतं इन्सुलिन कसं घ्यायचं ते शिकवलं आणि म्हणाल्या, "खा. आणि आईला फोन करून सांग, केळं खाल्लं म्हणून." मी तिथेच, त्यांच्या स्वयंपाकघरात, तेहतीस वर्षांचा बाप्या, रडलो. त्यांनी तिकडे लक्ष नसल्यासारखं करून चहा टाकला.

त्यांना स्वतःला ऐन तिशीत मधुमेह जडलेला. नोकरीची सुरुवातीची वर्षं सातपुड्याच्या पायथ्याच्या उपकेंद्रात गेली होती आणि पाड्यापाड्यांवर लसी द्यायला त्या सायकलनं जायच्या. निवृत्त झाल्यावर दरवर्षी श्रावण सरता सरता त्याच सायकलीवर सामान बांधून पुन्हा त्या डोंगरात जायला लागल्या. दोन्ही बाजूंना पिशव्या असायच्या, खताच्या गोण्यांपासून शिवलेल्या. बाजारातल्या महागड्या बॅगा भिजतात, युरियाची गोणी भिजत नाही, हे त्यांचं ठाम मत. आत कपडे कमी आणि औषधं जास्त. इन्सुलिन स्टीलच्या डब्यात, साखर दुसऱ्या डब्यात, आणि तो दुसरा डबा हँडलला टांगलेला, डोळे मिटूनही सापडेल असा. "सायकल येते का?" त्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हणून बसलो. पुढची पाच वर्षं प्रत्येक पावसाळ्यात आम्ही दोघं सारंगखेड्याला तापी ओलांडून तोरणमाळच्या वाटेला लागायचो.

मुक्काम ओळखीच्या घरी. त्यांनी पूर्वी नर्सचं काम शिकवलेल्या पोरींच्या, बाळंतपणं केलेल्या बायकांच्या ओसरीवर. उंबऱ्यात पाय ठेवताच सिस्टर जाहीर करायच्या, "आम्ही दोघं शुगरवाले. बरळायला लागलो तर आधी साखरपाणी पाजा. बेशुद्ध पडलो तर तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारखान्यात मी हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. सुई मी संडासात जाऊन घ्यायचो. एकदा सिस्टरना म्हणालो, "दवंडी कशाला पिटता?" त्या म्हणाल्या, "मला लाज वाटून घ्यायला वेळ नाही, भाऊ. ज्याला माहीत नाही तो वाचवणार कसा?"

मग त्यांचे डोळे अधू झाले. लेझर झालं, तरी लांबचा रस्ता दिसायचा आणि जवळचा आकडा दिसायचा नाही. मशीनवरचा आकडा मी वाचायचो, इन्सुलिनच्या पेनवरचे युनिट मी लावायचो. त्यांची मुलगी जळगावला असते. ती म्हणायची, "आई, आता पुरे." सिस्टर माझ्याकडे बोट दाखवायच्या, "माझे डोळे बरोबर येतात ना." मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

त्या पाचव्या वर्षी घाट सुरू होण्याआधी एका झाडाखाली थांबलो. घरून आणलेली केळी पिकून काळी पडायला आली होती. माझी साखर थोडी कमी वाटत होती म्हणून मी दोन सोलून खाल्ली. सिस्टरनी नेहमीसारखे हात धुतले, रुमालाला पुसले, बोट पुढे केलं. "तुना हात धुयात का?" त्यांनी अहिराणीत विचारलं. साबण पिशवीत तळाशी गेलेला, पाऊस तर हातावर पडतच होता. "धुतले," मी म्हणालो. त्यांचं बोट दाबून रक्ताचा थेंब काढला आणि आकडा वाचला. तीनशे चाळीस.

"इतकी? सकाळी तर बरी होती. पुन्हा बघू या?"

"मशीनच्या पट्ट्या भिजतील, सिस्टर. उगाच डबा नको उघडायला."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि जास्तीचे सहा युनिट घेतले.

तासाभरानं एका वळणावर त्यांची सायकल आडवी पडलेली दिसली. सिस्टर घाटाच्या कठड्यावर बसल्या होत्या, पाय दरीकडे सोडून. मी हाका मारत धावलो. त्यांनी मान वळवली, पण ओळख नव्हती. "पेशंटचं नाव काय?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांना मागून धरून रस्त्याकडे ओढलं, त्यात त्या मनगटावर पडल्या. हँडलचा डबा काढला, बाटलीत साखर ओतली, पण त्या बाटली ढकलायला लागल्या. "ड्यूटीवर मी काही घेत नाही." सगळं अंग घामानं निथळत होतं, त्या पावसातही वेगळा कळावा असा घाम. शेवटी तोंडातून निघून गेलं, "सिस्टर, डॉक्टरांची ऑर्डर आहे." तेव्हा त्यांनी मुकाट्यानं बाटली तोंडाला लावली.

पंधरा मिनिटं मी त्यांना धरून बसलो होतो. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. हळूहळू नजर जागेवर आली. मनगट सुजलं होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि नाकाशी नेला.

"केळं," त्या म्हणाल्या.

बोटाला लागलेला केळ्याचा गोडवा मशीननं त्यांच्या रक्तातला म्हणून मोजला होता. मी काही बोलण्याआधीच त्यांनी मला आपल्या पिशवीतून साबण काढायला लावला. मी हात धुतले. त्या बघत होत्या.

मुलगी धुळ्याला आली तेव्हा सिस्टरनी सांगून टाकलं, "मीच याला न विचारता जास्तीचं घेतलं. आकडा दिसला नाही." मनगटाला प्लास्टर होतं. मुलीनं सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली जळगावला नेली. मी हातात चहाचा कप घेऊन तिथेच उभा होतो, आणि गप्प राहिलो. एक वाक्य बोललो असतो तर माझ्याजागी त्यांना दुसरे डोळे मिळाले असते, सायकल राहिली असती. पुढची तीन वर्षं रोज संध्याकाळी मी त्यांची साखर बघायला जात राहिलो. जिना चढायच्या आधी हात धुवायचो, वर गेल्यावर पुन्हा. सिस्टरनी तो विषय कधी काढला नाही. "तुझे हात?" हेही विचारायचं सोडलं, आणि तेच मला जास्त लागायचं. पावसाळा आला की त्या खिडकीशी बसून विचारायच्या, "घाटात धुकं असेल ना रे आता?" मी हो म्हणायचो.

त्या गेल्या त्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. मूत्रपिंडं थकली होती आणि दवाखान्यातल्या खाटेवर त्या एवढ्याशा दिसत होत्या. त्या दिवशी सकाळी मी नरडाण्याला कॅन्टीनमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की मला मधुमेह आहे, बरळायला लागलो तर साखरपाणी पाजा. कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. एकानं विचारलं, साखर किती चमचे? तिथून थेट दवाखान्यात आलो आणि व्हरांड्यात सिस्टरच्या मुलीला घाटातली खरी गोष्ट सांगितली.

"म्हणजे चूक तुमची, आणि घरात कोंडून घातलं मी आईला?"

"हो," मी म्हणालो.

ती आत गेली. मीही मागून गेलो आणि दाराशी उभा राहिलो. साखर बघायची वेळ झाली होती. मुलीनं मशीन घेतलं आणि आईचा हात धरला. सिस्टरचे डोळे मिटलेले होते, पण त्यांनी हात सोडवून चादरीखाली घेतला.

"तेले करू दे," त्या म्हणाल्या. "तेना हात धुयेल ऱ्हातस."

मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग बाजूला सरकून जागा करून दिली. माझे हात धुतलेलेच होते, तरी मी कोपऱ्यातल्या नळाशी जाऊन साबण लावून पुन्हा धुतले, एकेक बोट चोळून. पुसून परत आलो तेव्हा सिस्टरनी चादरीतून बोट बाहेर काढून ठेवलं होतं.