खिडकीतून आलेलं बाळ

जंक्शनवरून आमच्या गावाकडे जाणारी शटल दिवसातून दोनदाच सुटते, तीही उशिरा. त्यामुळे खिडकीतून रुमाल, पिशव्या, डबे आत येणं नेहमीचंच. परवा बाळ आलं. "धरा हो काका, मी दारातून येते," एवढं म्हणून त्याची आई फलाटावरच्या गर्दीत दिसेनाशी झाली. लगेच गाडी हलली.

बाळ निवांत माझ्या शर्टाचं बटण चोखत होतं. मला मात्र त्याची आई कुठेच दिसेना. उठायलाही जागा नव्हती. मी ओरडलो, "बाळाची आई चढली का?" शेजारच्याने पुढच्याला विचारलं, त्याने त्याच्या पुढच्याला. प्रश्न दारापर्यंत पोचला आणि मग काहीच ऐकू येईना. तेवढ्या वेळात मी गाडीला, गर्दीला आणि स्वतःलाही शिव्या घालून घेतल्या. शेवटी तसंच तोंडोतोंडी उत्तर आलं, "चढली, चढली! दारापाशी उभी आहे. विचारतेय, रडतंय का?"

माझा जीव भांड्यात पडला. ज्या गर्दीतून मुंगी सरकली नसती, तिच्यातून एका आईची काळजी आरपार आली होती. या माणसांना मी रोज नुसती गर्दी म्हणतो.

पुढे सिग्नलला गाडी थांबली. एरवी पहिला कुरकुरतो तो मी. पण बाळाचा नुकताच डोळा लागला होता. समोरच्या आजी पुटपुटल्या, "हळू बोला." तेही दारापर्यंत गेलं. डबा गप्प झाला, आणि गाडी अजून थोडा वेळ हलू नये असं मला पहिल्यांदाच वाटलं.