फळ्यावरचा दादा

वसंत जगदाळे फळा पुसायचा तेव्हा आधी तो पूर्ण वाचायचा. कालचं स्वतःचंच अक्षर, पण ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत. मग ओलं फडकं फिरवायचा, फळा वाळेपर्यंत विडी ओढायचा आणि नवं लिहायला घ्यायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. सांगलीत आमच्या चौकात तरुण मंडळाचा फळा होता. पाणी कधी येणार, कोण वारलं, एवढंच त्यावर असे. वसंतानं तो हातात घेतला आणि लोक बस सोडून फळा वाचू लागले.

कुपवाडच्या एका कारखान्यात तो लेथवर होता, मी तिथेच हिशेब लिहीत होतो. घरंही शेजारीशेजारी. जगदाळे मूळचे वाईचे. वसंताचा थोरला भाऊ पुण्याच्या एसटीत बसून गेला तो परत आलाच नाही. त्यानंतर वर्षभरात आईला घेऊन वसंत सांगलीला आला; तिला सगळे आक्का म्हणत. भावाबद्दल तो बोलत नसे. फळ्यावर मात्र रोज दादा असायचा.

‘काल दादा साताऱ्याच्या स्टँडवर उतरला. छत्रीची काडी मोडली होती, ती त्यानं सुतळीनं बांधून घेतली. चहावाल्यानं विचारलं, कुठं जायचं? दादा म्हणाला, अजून ठरलं नाही.’

असं आठ-दहा ओळींचं. मला हिशेबाची सवय, म्हणून विचारलं, “हे खरं किती?”

“एस्टी खरी,” तो म्हणाला. “बाकी माझं. छत्री तर त्यानं जन्मात घेतली न्हाई, भिजतच जायचा. खोटं लिवावं गड्या, पण ओलं फडकं हाताशी ठिवावं.”

आक्काला वाचता येत नव्हतं. ती रोज भाजीची पिशवी घेऊन फळ्याशी उभी राहायची आणि कुणीतरी तिला वाचून दाखवायचं. बऱ्याचदा मीच. एकदा मी भीतभीत म्हणालो, “आक्का, वसंता हे मनानं लिहितो.”

“लिवू दे की,” ती म्हणाली. “पर ठावं असल्याबिगर कसं लिवंल? भाऊ हाय त्यो त्येचा.”

दादाला जाऊन बारा वर्षं झाली तेव्हा वाईहून चुलते आले. बारा वर्षं माणूस परतला नाही, की दर्भाचा पुतळा करून त्याचे अंत्यविधी करतात. गुरुजींशी बोलून, दिवस धरूनच ते आले होते.

“वैनी, पोराचा जीव मधीच लटकलाय. सोडवायला नगं?”

आक्का तांदूळ निवडत होती, वसंत आणि मी शेजारी बसलो होतो. मान वर न करता म्हणाली, “भावजी, च्या घ्या आन् जावा. काल तर कराडात जेवला त्यो. हे वाचून दावत्यात की.”

चुलत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वसंताकडे. वसंत उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दादा कराडहून पुढे निघाला होता.

याच सुमारास आमच्या चौकातल्या एका प्राध्यापकांनी फळ्यावरचा मजकूर उतरवून पुण्याच्या प्रकाशकाला दाखवला. प्रकाशकाला कादंबरी हवी होती. वसंतानं ती लिहिलीही, पण शेवट होईना. प्रकाशक म्हणत होता, तो परत येऊ दे नाहीतर मरू दे, काहीतरी एक करा.

“परत आणला तर आक्का दार उघडं टाकून बसंल,” वसंत मला म्हणाला. “मारला तर तिला सांगायचं कुनी? पुस्तकाला फडकं चालत न्हाई, गड्या.”

तेवढ्यात कुंडलचा एक हळदवाला चौकात भेटला. “वसंतराव, तुमचा दादा आमच्या बाजारात बघितला. छत्रीला सुतळी, तशीच.”

छत्री वसंताच्या डोक्यातली, हे मला माहीत होतं आणि त्याला तर होतंच. तरी त्यानं रजा टाकली. आम्ही दोघं एसटीनं गेलो.

बाजाराच्या कडेला एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करत होता. त्याची स्वतःची छत्री सुतळीनं बांधलेली. वयानं तो दादाच्या दुप्पट असावा. तरी वसंत त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ त्याचा चेहरा बघत राहिला. शेवटी म्हातारा म्हणाला, “तुमच्याआदी बी लोक येऊन असंच बघून ग्येलं. आवं, कोन हाय मी? सांगा तरी.”

परतीच्या गाडीत वसंतानं तिकिटाच्या मागे काहीतरी लिहिलं. आठवड्यात कादंबरी पूर्ण झाली.

शेवट असा होता. छत्रीवाल्या माणसाला जो तो विचारतो, तू तोच ना? ऐकून ऐकून एके दिवशी तो हो म्हणतो आणि म्हातारीच्या दारात येतो. हा आपला नव्हे हे तिला कळतं. ती त्याला जेवायला वाढते.

पुस्तक आलं तेव्हा आक्का ते घेऊन माझ्याकडे आली. “शेवटाचं वाचा,” म्हणाली. मी वाचलं. वसंत दारात उभा होता. वाचून झाल्यावर तिनं पुस्तक मागून घेतलं, पदरानं पुसलं.

“ह्यो माजा न्हवं,” ती म्हणाली. “मग माजा कुटं हाय, वसंता?”

वसंत उंबऱ्यावरची धूळ पायानं सारत राहिला.

“म्हंजी तुला बी ठावं न्हाई.” ती उठली. मग मला म्हणाली, “वाईला गाडी कवा हाय?”

कृष्णेच्या घाटावर विधी झाला तेव्हा आक्का, वसंत, चुलते आणि मी, एवढेच होतो. दर्भाचा तो पुतळा पाटावर निजवला होता. वसंत एकदाच पुढे वाकला आणि ओलं फडकं शोधावं तसे त्यानं हात चाचपून मागे घेतले. गुरुजींनी मृताचं नाव विचारलं. इतकी वर्षं मी ज्याला दादा म्हणून वाचत आलो, त्याचं नाव मलाही ठाऊक नव्हतं.

“सदाशिव,” वसंत म्हणाला. त्यानंतर त्यानं खडू हातात धरला नाही. फळ्यावर पुन्हा पाण्याच्या वेळा आल्या. सुतळी बांधलेली छत्री दिसली की मी आजही माणसाच्या तोंडाकडे बघतो.

कादंबरीच्या मानधनाचं पाकीट वसंतानं आईच्या हाती दिलं होतं. त्यात किती पैसे आहेत हे तिनं विचारलं नाही. न फोडता ते तिनं त्या दिवशी घाटावर गुरुजींच्या दक्षिणेच्या ताटात ठेवलं.