अकरावी तिरडी

साकासच्या हातून गेरूचं मडकं निसटलं आणि नेमकं मोलोन सुताराच्या तिरडीवर उपडं झालं.

साकास अथेन्सचा सरकारी गुलाम. सभेच्या सकाळी गेरूत भिजवलेला दोर ताणून बाजारात रेंगाळणाऱ्या नागरिकांना टेकडीकडे हाकायचं, हे त्याचं काम. ज्याच्या अंगावर लाल डाग, त्याला दंड.

"आता तिरडीलाही दंड करतोस काय?" मोलोन कांदा चावत म्हणाला. "मेलेले सभेला उशिरा येतात म्हणून?"

"चुकलो, मोलोनदादा. घाईत होतो." आणि साकास दोर घेऊन पळाला.

युद्धात मेलेल्यांच्या अस्थींसाठी मोलोन तीस वर्षं सुरूच्या लाकडाच्या पेट्या करत आला होता. दहा कुळांच्या दहा पेट्या, आणि ज्यांचं काहीच परत आलं नाही त्यांच्यासाठी अकरावी, रिकामी तिरडी. माणूस मिश्कील. पलंग करून मागणाऱ्याला तो आधी विचारी, "नुसतं झोपायचंच ना?" पण त्या तिरडीवर मांजर बसलेलंही त्याला खपत नसे.

आज नव्या मोहिमेचा कौल होता, हात वर करून द्यायचा. ती ठरली, तर त्याचा एकुलता एक मुलगा फिल्तोस पहिल्याच जहाजावर चढणार होता. आणि मोहीम हवी असलेल्या पुढाऱ्यानं भाषणासाठी नेमकी तीच तिरडी टेकडीवर मागवली होती.

पुढारी बराच वेळ बोलला. धान्य, जहाजं, शहराची अब्रू. लोक ऑलिव्हच्या बिया थुंकत जांभया देत होते. शेवटी त्यानं तिरडीवरचं कापड ओढलं.

उशाकडच्या फळीवर लाल पंजा उमटला होता. पाची बोटं वर.

पुढारीही कापड हातात धरूनच एक पाऊल मागे सरला. मग तो अगदी हळू म्हणाला, "पाहा. त्यांनी आपल्या आधी हात वर केलाय."

वारा पडला. एकेक हात वर जाऊ लागला, झोपेत उचलावा तसा. फिल्तोसचाही गेला. मोलोनचे तेवढे गुडघ्यांवर राहिले.

साकास कडेला दोर गुंडाळत सगळं पाहत होता. सभा उठताच त्यानं सुताराला गाठलं.

"दादा, तो माझा गेरू होता. तू उठून सांगायचंस ना. फिल्तोस वाचला असता."

मोलोन तिरडीवरचं कापड सारखं करत होता.

"तुझा डाग मी निघण्याआधीच रंध्यानं तासून काढला होता."