मावशीची दुसरी फेज

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या एसटी डेपोत सेनगावच्या गाडीची वाट बघत उभा होतो. म्हणजे निघालो होतो तिच्याकडेच. तिला आवडतात म्हणून सीताफळं घेतली होती. तिच्या शेजारच्या अनसूयाबाईंचा फोन. त्या म्हणाल्या, "सर, आता घाई करू नका." एवढंच. घाई करू नका म्हटल्यावर समजायचं ते समजलो. गाडी आली, चढलो, तिकीट काढलं आणि सीताफळं फुटू नयेत म्हणून पिशवी मांडीवर धरून वाटभर बसलो. कुणासाठी जपत होतो, देव जाणे. त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक तिच्याबद्दल चांगलं चांगलं बोलले, जेवून आपापल्या घरी गेले. माझ्या डोक्यात मात्र एक शब्द अडकून बसला आहे. तो शब्द म्हणजे फेज, आणि त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

पंचफुलामावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात तिची पिठाची गिरणी होती. काका अचानक गेले तेव्हा लोकांना वाटलं, ही आता गिरणी मोडीत काढणार. हिनं पदर खोचला आणि पट्टा स्वतः चढवला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हक्कानं राबवायला मीच. मी हिंगोलीला हायस्कुलात विज्ञान शिकवतो, याची तिला भारी गंमत वाटायची. विज्ञानाचा मास्तर आणि साधा फ्यूज बांधता येत नाही, हे ती गिऱ्हाइकांना माझ्यादेखत सांगायची. खेड्यात वीज असते आणि नसतेही. सिंगल फेज असली की घरात दिवे लागतात, पंखे फिरतात, पण गिरणीची मोटर हलत नाही. तिला तिन्ही फेज लागतात, आणि त्या कधी सकाळी येतात, कधी भर दुपारी. बाया दळणाचे डबे ठेवून विचारायच्या, कधी येऊ गं? मावशीचं उत्तर ठरलेलं, "फेज आली का ये." अख्ख्या गावाच्या भाकरी या उत्तरावर टांगलेल्या असत.

मग तिला खोकला लागला. पिठाच्या धुराळ्यानं होतो म्हणून सगळ्यांनीच तो अंगावर काढू दिला. नांदेडला छातीचा फोटो काढला, तिथून मुंबईला पाठवलं, आणि फुफ्फुसात गाठ निघाली. आयुष्यात विडीला हात न लावलेली बाई! पुढच्या तपासणीत कळलं की तिच्या गाठीत एक ठरावीक बिघाड आहे आणि नेमक्या त्याच बिघाडावर जाऊन बसणारी गोळी मिळते. ही पहिली गोळी अशी लागू पडली की मावशी परत गिरणीवर उभी राहिली. केस गेले नाहीत, अंथरूण धरलं नाही. कॅन्सर झालाय हे सांगितलं तरी गावात कुणी खरं मानेना. मीही मनातून निश्चिंत झालो. पण गाठीनं गुपचूप दुसरी वाट काढली होती. गोळीचा गुण उतरला, खोकला परतला, आणि मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अजून एक औषध आहे, पण ते अगदी नवीन आहे. माणसांना पहिल्यांदाच देऊन बघतोय.

बाई तरुण होत्या, मराठी बोलणाऱ्या होत्या, आणि त्यांनी काहीही लपवलं नाही, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. ही फेज वन ट्रायल आहे, त्या म्हणाल्या. यात औषधाचा किती डोस माणसाला सोसतो एवढंच आम्ही बघतो. सुरुवातीच्या लोकांना अगदी कमी डोस. त्यांना त्रास झाला नाही तर मागून येणाऱ्यांना त्याहून जास्त. तुम्हाला गुण येईलच असं नाही. मावशी या सगळ्यातून एकच शब्द घेऊन बसली. परक्या शहरात, परक्या वासाच्या खोलीत तिला अचानक घरचा शब्द भेटला होता. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "मंग बराबर हाये," ती म्हणाली. "सद्या एकच फेज हाये. दिवा लागंल, मोटर चालनार न्हाई. तिन्ही आल्या का चालंल." बाईंना काही कळलं नाही, मला हसू आलं. परतीच्या रेल्वेत मी तिला समजावलं की फेज औषधाची असते, पेशंटची नाही. औषध पुढच्या फेजमध्ये जातं, तेव्हा पेशंट दुसरे असतात. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुमच्या पुस्तकात आसंल तसं, आमच्याकडं लाईन तीच राहती, फेज वाढती. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं, आणि गाडीतून उतरेपर्यंत तिनं समोरच्या बाकावरच्या बाईलाही आपलं गणित पटवून दिलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी तासातासाला रक्त काढलं, तरी ती हूं की चूं न करता बसली. पुढे दर फेरीला विचारायचे, तोंड आलं का, अंगावर पुरळ आलं का, जुलाब होतात का? नाही, नाही, नाही. "काईच तकलीफ न्हाई" हे ती अशा ऐटीत सांगायची जशी काही परीक्षेत पहिली आली आहे. डॉक्टर खूश, नर्स खूश, आणि मुंबईत आम्ही उतरायचो त्या धर्मशाळेत ती सगळ्यांना सांगत फिरायची की आपली पहिली फेज पास झाली. त्रास होत नव्हता, कारण डोस तेवढा होताच कुठे! हे मला कळत होतं. तिला इतकं सोसवतंय याचा सगळ्यांना आनंद होत होता आणि आत गाठ आपलं काम करत होती... त्या दिवसांइतका एकटेपणा मी कधी अनुभवला नाही.

स्कॅन झाला. गाठ वाढली होती, यकृतातही डाग दिसत होते. नियमाप्रमाणे आता हे औषध बंद करावं लागेल, बाईंनी सांगितलं. मावशीनं विचारलं, "मंग माजी दुसरी फेज कवा?"

बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी खिडकीकडे. शेवटी त्यांनीच सांगितलं, आणि हळू आवाजात सांगितलं, "दुसरी फेज होईल, मावशी. पण ती दुसऱ्या लोकांसाठी. तुम्हाला त्रास झाला नाही म्हणून तर आता पुढच्यांना जास्त डोस देता येईल."

मावशीनं आपले पंजे उलटेपालटे करून पाहिले. मग मान हलवून म्हणाली, "मंजी मी टाकीनंतरचं पयलं दळन."

बाईंनी मला विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी म्हटलं, काही नाही. काय सांगणार होतो? गिरणीचे दगड झिजले की त्यांना छिन्नीनं टाकी लावून खरबरीत करतात. त्यानंतरच्या पहिल्या दळणात दगडाची बारीक कच पिठात उतरते. ते पीठ माणसांच्या पोटात जाऊ द्यायचं नसतं, म्हणून गिऱ्हाइकाच्या धान्याला हात न लावता मावशी आपल्या घरची ज्वारी टाकायची आणि ते पीठ शेळ्यांपुढे ओतायची. दुसऱ्याच्या डब्यात कच जाऊ नये यासाठी ती वर्षानुवर्षं स्वतःची ज्वारी वाया घालवत आली होती. त्या दिवशी तिनं फेजचा नाद सोडला. मला वाटलं होतं, खरं कळलं की तिचं मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. माणूस समोर बसल्या बसल्या विझतं म्हणजे काय, ते मी पाहिलं. गावी आल्यावर ती गिरणीकडे फिरकली नाही. फेज आल्याचं कुणी सांगत आलं तर भिंतीकडे तोंड करून घ्यायची. लोक म्हणतात, औषधाला तिचा उपयोग झाला, पुढं कितीतरी जणांचं भलं होईल. होईलही. मला त्यात काडीचं समाधान मिळत नाही, आणि मिळतंय असं खोटं लिहायची माझी तयारी नाही.

गेल्या आठवड्यात एक फोन आला. धर्मशाळेत आमच्या शेजारच्या खोलीत परभणीकडचं एक जोडपं होतं. बाईला मावशीसारखाच आजार, तिच्या मागून औषध सुरू झालेलं. त्या बाईचे यजमान बोलत होते, आवाजात आनंद मावत नव्हता. मंडळीला जास्तीचा डोस मिळाला, तोंड आलं, पुरळ आलं, पण गाठ निम्मी झाली. "मावशी बोलल्या तसंच झालं बघा, सर. आमची फेज वाढली. जरा त्याईला फोन द्या ना, त्याईलाच सांगायचं हाये."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या भल्या माणसाचा मला भयंकर राग आला, आणि तरी मी त्यांना खरं सांगू शकलो नाही.

"मावशी गिरणीवर गेलीय," मी म्हणालो. "सकाळपासून फेज आहे."

मंग ऱ्हाऊ द्या, कामात आसतील, मी परत करतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचे दोन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत.