शेवटच्या खोलीपुढची दोरी

कसाऱ्यात कोणाच्या घरात काय चाललंय हे विचारावं लागत नाही, दोरीकडे बघितलं की कळतं. स्टेशनामागच्या आमच्या चाळीत प्रत्येक खोलीपुढे जुन्या रुळाचा एक तुकडा पुरलेला आहे आणि त्याला कपड्यांची दोरी बांधलेली. दुपटी दिसली की लेक बाळंतपणाला आलीय. बनियनवर ग्रीस दिसलं की माणूस घाटात गाड्यांना मागून लावायच्या इंजिनावर आहे. अंथरुणं रोज बाहेर यायला लागली की कोणीतरी म्हातारं पडून आहे. मला हे वाचायची भारी खोड. कल्याणच्या ऑफिसात मी याच्या बढायाही मारते.

शेवटची खोली मावशींची. सख्ख्या नव्हेत, चाळीच्या मावशी. त्या, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि ड्युटीवर असलेला नवरा. त्याला मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, पण त्यात नवल कसलं? रेल्वेच्या गावात माणूस दिसला नाही तर तो ड्युटीवर असतो, नाहीतर ड्युटी करून झोपलेला. दोरीवर त्याचा शर्ट तर रोज असायचा.

त्या रविवारी आमचे कपडे वाळत घालताना सहज नजर तिकडे गेली. निळ्या चौकड्यांचा शर्ट. उसवलेला खिसा काळ्या दोऱ्याने शिवलेला. तो खिसा मीच शिवला होता. शर्ट माझ्या बाबांचा होता.

बाबा रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी स्टेशनवर बसायला जातात, म्हणजे जातो असं सांगतात. वाट मावशींच्या दारावरूनच. मनात काय काय आलं ते लिहायचीसुद्धा लाज वाटते. ओला टॉवेल बादलीत टाकला आणि तशीच आत गेले.

आई वाल सोलत बसली होती. मी दार लोटून घेतलं. "बाबांचा शर्ट मावशींच्या दोरीवर आहे."

"हाय," आई म्हणाली. "मीच दिला."

"का?"

"तिच्याकडचे पार विरले. लोकांना कळंल ना."

मग आईने हात न थांबवता सांगितलं. मावशींचा नवरा कधीचाच दुसरीकडे संसार थाटून बसलाय, तो काही परत यायचा नाही. त्यांची खोली रुळाला लागून, दारावरून कोण कोण जातं. "तरणी पोर नि ती, दोघीच. घरात पुरुष नाय म्हनून कळलं, त दार वाजायला टाइम लागंल का? एकदा वाजलंय. तवापासून आमी बाया आळीपाळीनं शर्ट देतो."

चाळीतल्या सगळ्या बायकांना माहीत! दोऱ्या वाचण्याचा एवढा तोरा मिरवणारी मी, आणि त्या मला वर्षानुवर्षं त्यांना हवं तेच वाचायला देत होत्या. राग आला, बाबांवर घेतलेल्या संशयाची शरम वाटली आणि हसूही फुटलं.

"ही युक्ती कोणाची? मावशींची?"

"तिला कुटं सुचतंय. मी शिकवली."

"आणि तुला कोणी?"

आता आईचे हात थांबले. "तुजे बाबा भुसावळला व्हते ना, तू पहिली-दुसरीत असताना."

"ड्युटीला ना?"

आईने मान आडवी हलवली.

त्या वर्षांतली आमची दोरी डोळ्यांपुढे आली. बाबांचा खाकी शर्ट तिच्यावर रोज ओला असायचा. मी शाळेत मैत्रिणींना सांगायचे, बाबा रात्री येऊन गेले, मी झोपले होते म्हणून भेटले नाहीत. असं मला कोणी सांगितलं नव्हतं. दोरी बघून मीच ठरवलं होतं, आणि त्या रविवारपर्यंत ते मला खरं वाटत होतं.

बाहेर चपला वाजल्या. बाबा आत आले, खुंटीवरचे कपडे खालीवर करून बघितले.

"माजा निळा शर्ट कुटं गेला गो?"

मला मान वर करून त्यांच्याकडे बघवेना. आईने ताटातला एक वाल उचलला आणि सोलायला घेतला.

"वाळतोय," ती म्हणाली.