पद्माकाकूंचं घंगाळ आणि भार्गवीचं वादळ

दिवेआगरच्या अलीकडच्या त्या वाडीत भार्गवीचं नाव अजूनही निघतं ते पाणीचोर म्हणून. विहीर एक आणि भाऊबंद तीन, त्यामुळे शिंपण्याचे वार ठरलेले. ज्याचा वार, त्याचं पाणी. पण शाळेतून आल्यावर शेजारच्यांच्या पाटाचं तोंड हळूच आपल्या पोफळींकडे वळवायचं आणि वर साळसूदपणे ओटीवर पाढे म्हणत बसायचं, हा या पोरीचा उद्योग. आईवडील तळा गावी नोकरीत, पोर वाढली यज्ञेश्वरकाका आणि पद्माकाकूंकडे. काका रागवायचे. काकू रागवल्यासारखं करायच्या, कारण ही विद्या त्यांनीच शिकवली होती.

ही पाणीचोर पुढे समुद्राची शास्त्रज्ञ झाली. वादळ येऊन गेल्यावर समुद्राचं काय होतं, हा तिचा विषय. समुद्राचं वरचं पाणी तापलेलं असतं, खालचं गार. वादळ जाता जाता सगळं ढवळून काढतं आणि त्याच्या वाटेवरचा समुद्र पुढे कितीतरी दिवस गारठून पडतो. ते गार पाणी किती खोलातून वर आलं, मासळीला ते मानवतं का, मागून येणाऱ्या वादळाचा जोर त्याने मोडतो का, हे सगळं मोजायला जहाज लागतं. अशी जहाजं मोजकीच. ती वाटून द्यायला एक समिती बसते, आणि समितीचा नियम असा की जहाज हवं असेल तर वर्षभर आधी तारखा कळवा.

"वादळाच्या तारखा?" भार्गवीने पहिल्याच बैठकीत विचारलं.

"अंदाजे दिल्यात तरी चालतील," अध्यक्ष उदार मनाने म्हणाले.

पहिल्या वर्षी त्या अंदाजे तारखांना समुद्र इतका गप्प होता की खलाशांनी डेकवर कॅरम मांडला आणि सोंगटी जागची हलली नाही. दुसऱ्या वर्षी वादळ आलं, अगदी मनासारखं आलं, पण जहाज बंदराला लागून सामान उतरवून झाल्यावर. मग समितीने स्पष्टच सांगितलं, आता ही शेवटची खेप. यंदाही हात हलवत परत आलात तर प्रकल्प गुंडाळायचा. भार्गवीची उमेदीची सगळी वर्षं त्या प्रकल्पात गेली होती. तिची झोप उडाली.

तेव्हा तिला विहीर आठवली. संस्थेत क्षिप्रा नावाची एक बाई समुद्राच्या तळाच्या चिखलावर काम करायची. भार्गवीने तिला कॅन्टीनमध्ये गाठलं.

"तुझा चिखल कुठे पळून जाणार आहे का?"

"नाही गं. लाखो वर्षं तिथेच आहे."

"मग आपण वार बदलून घेऊ. दिवाळीच्या सुमाराला जहाज तू घे. वादळ उठलं की तू उतरायचंस आणि मी चढायचं. मला फेब्रुवारीतले दिवस मिळालेत, ते बदल्यात तुझे."

"समिती ऐकेल?"

"आपण त्याला लवचिक नियोजन म्हणू."

समितीला ते नाव इतकं आवडलं की अध्यक्षांनी पुढच्या भाषणात ते स्वतःचं म्हणून वापरलं.

घरी मात्र भार्गवीने यातलं चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. सांगणार कुठल्या तोंडाने? निसर्ग वादळाने वाडीतल्या पोफळी एका दुपारीत आडव्या केल्या होत्या. काका तेव्हा कितीतरी दिवस वाडीत उतरलेच नाहीत. मग नवी रोपं लावली, पोरांसारखी वाढवली, आणि यंदा त्यांना सुपारीचे पहिले घोस धरले होते. काका रोज सकाळी मान वर करून ते घोस बघत उभे राहायचे आणि मग मान दुखते म्हणून काकूंकडे तेल मागायचे.

त्यात गावाची समजूत अशी की भार्गवी वादळं थांबवायच्या खात्यात आहे. ती समजूत तिने कधी मोडली नाही. नारळ उतरवायला येणारा अनंता दर वेळी माडावरूनच ओरडून विचारायचा, "ताय, यंदा वादळ न्हाय ना येनार?"

"नाही रे," ती खालून सांगायची, आणि मनात म्हणायची, ये रे बाबा, एकदाचं ये.

दिवाळीला ती घरी आली आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली की अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय. काकू उठल्या, देव्हाऱ्यातले देव काढले आणि तांब्याच्या घंगाळात पाण्यात ठेवले. बाकीचे लोक देव पाण्यात ठेवल्याचं नुसतं बोलतात, काकू खरोखर ठेवतात. संकट टळेपर्यंत देवांनी बुडून बसायचं आणि लवकर काय ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, तो कमी दाब मंदावला. भार्गवी मागच्या पडवीत जाऊन आपल्या सहकाऱ्याला, सलिलला, फोन करायला लागली. "सलिल, हे वादळ उठायलाच हवं. नाही उठलं तर मी संपले." फोन ठेवून वळली, तर मागे काकू, हातात चकलीचा सोऱ्या. काकू आत गेल्या आणि घंगाळात आणखी दोन तांबे पाणी ओतलं.

भार्गवीचा देवावर विश्वास नाही. कॉलेजात असताना तिने तसं जाहीर केलं होतं आणि काकूंनी "बरं" म्हटलं होतं. तरीही जेवणं होऊन सगळे आडवे झाल्यावर ती मांजराच्या पावलांनी देवघरात शिरली. बाळकृष्ण बाहेर काढला, अन्नपूर्णा काढली, गणपती काढून ओढणीने पुसायला घेतला.

"नीट पूस. कानामागे पाणी राहतं त्याच्या," दारातून काकूंचा आवाज आला.

भार्गवीच्या हातून गणपती पडायचाच राहिला.

"तुझा विश्वास नाही ना?"

"नाही."

"मग काढतेस कशाला?"

भार्गवी तिथेच जमिनीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. समिती, कॅरम, क्षिप्राचा चिखल, आणि यंदाची शेवटची खेप. सांगता सांगता तिला रडू आलं. काकूंनी तिच्या हातून गणपती घेतला आणि पदराने कोरडा केला.

"म्हणजे तुला वादळ हवंय."

"समुद्रात हवंय गं. लांब. इथे नकोय."

"आणि ते तुला विचारून रस्ता धरणार?"

"नाही."

काकूंनी घंगाळ जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "वार लावून घेऊ. उद्यापासून तीन दिवस तुझे, देव कोरडे राहतील. मग माझे."

"सहा दे."

"चार. आणि काकांना कळता कामा नये."

देवांच्या वाटणीचा असा सौदा त्या घरात पहिल्यांदाच झाला. देव देव्हाऱ्यात गेले, घंगाळ पालथं पडलं, आणि दुसऱ्याच दिवशी समुद्रातला कमी दाब पुन्हा जोर धरायला लागला. भार्गवीने हा योगायोग आहे असं स्वतःला बजावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वादळाला नाव मिळालं. क्षिप्रा चिखल घेऊन मुंबई बंदरात उतरायला निघाली आणि भार्गवी बॅग उचलून घराबाहेर पडली. काकूंनी तिच्या हातात करंज्यांचा डबा दिला, पण तिच्या नजरेला नजर दिली नाही.

ती दिघीच्या धक्क्यावर पोचली तेव्हा फेरीबोट खाडीपलीकडे आगरदांड्याला गेलेली होती. वाट बघता बघता भार्गवीने मोबाइलवर नवा अंदाज उघडला. वादळाची रेघ काल सरळ वर जात होती. आज ती उजवीकडे वाकून किनाऱ्याकडे आली होती, आणि जिथे टेकत होती तिथून वाडी फार लांब नव्हती.

तिला हवं होतं ते वादळ हेच. वेळेवर, भरपूर जोराचं, जहाज तयार असताना. अंदाज दिवसातून चारदा बदलतात, हे तिला ठाऊक होतं. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचा आणि अरबी समुद्राचा काही संबंध नाही, हेही ठाऊक होतं. तिला डोळ्यांपुढे फक्त मान वर करून उभे असलेले काका दिसत होते. तिने घरी फोन लावला.

"काकू, देव पाण्यात ठेव."

"आजचा आणि उद्याचा वार तुझा आहे."

"असू दे. मला नकोत. आत्ताच्या आत्ता ठेव."

"कालच ठेवलेत," त्या म्हणाल्या.

"काल? काल माझा वार होता!"

"मग? पाणी चोरायला तुला शिकवलं कोणी?"

भार्गवीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. फेरीबोट धक्क्याला लागली तेव्हा ती रुमालाने तोंड पुसत होती, आणि तिकीट काढणाऱ्याला वाटलं, ही सासरी निघाली.

संध्याकाळी अंदाज पुन्हा बदलला. वादळ पश्चिमेला वळलं आणि ओमानच्या दिशेला लागलं. किनाऱ्यावर जोराचा वारा आला, पाऊस आला, माडांच्या चार झावळ्या पडल्या. भार्गवीचं जहाज सुरक्षित अंतर राखून वादळाच्या मागोमाग गेलं आणि त्याच्या वाटेवरचं पाणी जागोजाग मोजून आलं. पाणी गार होतं, तिने धरलं होतं त्याहून गार. प्रकल्प वाचला. अध्यक्षांनी लवचिक नियोजनावर आणखी एक भाषण दिलं.

पुढच्या महिन्यात ती घरी आली ती नकाशाची छापील प्रत घेऊन. तिने ती ओटीवर पसरली आणि वादळाची रेघ काकूंना दाखवली. काकूंनी चष्मा लावला आणि रेघ जिथे पश्चिमेला वळली होती तिथे बोट ठेवलं.

"इथे मी देव पाण्यात ठेवले."

"नाही हं काकू," भार्गवी म्हणाली. शास्त्रज्ञ होती, तिला खोटं चालवून घेता येईना. "तू ठेवलेस तेव्हा वादळ इथे होतं, केवढं तरी खाली. वळलं ते दुसऱ्या दिवशी."

"मग?" काकू म्हणाल्या. "एवढं मोठं धूड वळवायला देवांना एक दिवस नको?"

भार्गवीने नकाशाची घडी घातली. तेवढ्यात वाडीतून काका आले, मान चोळत चोळत, आणि त्यांनी तेल मागितलं.